एकवीस दिवसांचा कागद

थोरलीच्या केंद्राची पायरी आई पहिल्यांदा चढली, ती केंद्र सुरू झाल्यावर तब्बल नऊ वर्षांनी. तेही आधी न कळवता, सकाळी सव्वादहाला, पर्स छातीशी घट्ट धरून. जणू आत पाऊल टाकताच कुणीतरी ती हिसकावून घेणार होतं.

निसर्गोपचाराचं हे केंद्र म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या. पहिलीत टेबल, दोन खुर्च्या आणि वजनकाटा. दुसरीत वाफेची लाकडी पेटी, जिच्यात बसलं की माणसाचं फक्त डोकं बाहेर राहतं. तिसरीत मातीचा लेप लावायला दोन बाकं आणि शेजारी न्हाणीघर. लोक इथे उपास करायला, रस प्यायला, पोट साफ करून घ्यायला येत आणि बऱ्यापैकी हलके होऊन जात. थोरलीच्या हाताला गुण होता असं सगळे म्हणायचे. आईच्या लेखी मात्र ही निव्वळ थेरं होती. "माझा धाकटा पूल बांधतो आणि माझी थोरली लोकांची आतडी धुते," असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि लोक हसले तरी स्वतः हसायची नाही. थोरलीला ते जिव्हारी लागायचं. तिने बोलून दाखवलं नाही कधी, पण नऊ वर्षं आईच्या घरी जाताना ती आपल्या कामाचा विषय चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत आली होती.

आई एकतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात होती. मुलं तिच्या माघारी तिला 'शांतताबाई' म्हणायची. नियम म्हणजे नियम. एका वेळी दोन पुस्तकं म्हणजे दोनच. पोटच्या पोरीने तिसरं मागितलं, तेव्हा तिने चष्म्यावरून बघत भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं होतं. "वाचता येतं ना?" हे तिचं ठेवणीतलं वाक्य. भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी ते एकदा तरी ऐकलेलं होतं. बाटलीवर 'हलवून घ्या' असं छापलेलं दिसलं, की आई ती बाटली हात दुखेपर्यंत हलवायची.

"ये ना, बस," थोरली गडबडून म्हणाली. "काय गं, सगळं ठीक आहे ना?"

"काही बिघडल्याशिवाय येऊ नये का? तुझं दुकान बघायला आले." आईने मातीच्या डब्यांच्या फळीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. धूळ नव्हती. "स्वच्छ ठेवलंयस," ती म्हणाली, जरा हिरमुसूनच.

मग हळूहळू बाहेर आलं. धाकट्याचं लग्न साडेतीन आठवड्यांवर आलं होतं. बाबा गेल्यानंतरचं घरातलं हे पहिलंच कार्य. थाटमाट काही नव्हता. नोंदणी कार्यालयात सह्या आणि मग जवळच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसांचं जेवण. पण फोटो निघणार होते, आणि आईला त्यात निळा रेशमी पोशाख घालायचा होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बाबांनी हौसेने आणलेला.

"तो आता खांद्याखाली उतरत नाही गं. आणि माझा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो आठवतो ना? उशीला चष्मा लावल्यासारखी दिसते मी."

थोरलीला हसू फुटलं. आईही हसली. मग पर्सची कळ उघडझाप करत, थोरलीकडे न बघता ती म्हणाली, "सुनेची मावशी परवा विचारत होती, 'ती मातीच्या लेपवाली तुमची मुलगी ना? फार नाव ऐकलंय हो तिचं.' मी म्हटलं, हो, माझीच. म्हटलं, एवढे लोक जातात, तर आपणही बघावं."

थोरलीने पटकन पाठ फिरवून कपाट उघडलं. डोळे भरून आले होते, आणि आईसमोर रडायची सवय तिला नव्हती. अडतिसाव्या वर्षी एवढ्याशा शब्दांनी आपण इतके विरघळतो, याची तिला लाजही वाटली आणि आनंद तर इतका झाला, की कपाटात आपण काय शोधतोय हेच ती विसरली.

शोधत होती तो कागद. एकवीस दिवसांच्या शुद्धीचा. उठल्यावर कोमट पाणी, मग काकडी-पालकाचा रस, दुपारी फळं, संध्याकाळी भाज्यांचं पाणी, नवाच्या आत झोप. सगळं छापलेलं, आणि प्रत्येक नियमापुढे एकवीस चौकोन, रोज बरोबरची खूण करायला. पाचवा नियम होता: 'या काळात कोणतीही गोळी, पावडर किंवा चूर्ण घेऊ नये.' तो नियम थोरलीने एका बाईमुळे घातला होता. बाई इथले रस पीत होती आणि घरी जाऊन जाहिरातीतल्या चार तऱ्हेच्या बारीक होण्याच्या पावडरी खात होती, आणि पोट बिघडलं तेव्हा खापर थोरलीच्या माथी फोडून मोकळी झाली होती.

नवीन माणूस आलं, की थोरली कागद देण्याआधी लाल पेन हातात घ्यायची. रक्तदाब? साखर? हृदय? डॉक्टरांची काही गोळी चालू आहे? एकाचंही उत्तर हो आलं, की पाचव्या नियमावर लाल रेघ मारायची, शेजारी 'डॉक्टरांची गोळी चालूच ठेवणे' असं लिहायची, आणि ते समोरच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. नऊ वर्षांत यात तिने एकदाही हयगय केली नव्हती.

पण आईला काय विचारायचं? आईची रक्तदाबाची गोळी तिला अकरा वर्षं माहीत होती. सात वारांचे सात कप्पे असलेली ती डबी तिनेच आणून दिली होती. स्वतःच्या आईला 'काही आजार आहे का' म्हणून विचारायचं, म्हणजे तिला परकं करण्यासारखं. शिवाय आनंदाने तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. लाल पेन टेबलावर होतं, हाताच्या अंतरावर. तिने कागद तसाच आईच्या हातात दिला.

आईने तो उभ्याउभ्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. "हे सगळं पाळायचं?"

"सगळं."

"तंतोतंत?"

"तुला सांगायला हवं का ते?" थोरली हसत म्हणाली.

पुढचे दिवस थोरलीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. एक दिवसाआड आई केंद्रावर यायची. वाफेच्या पेटीतून तिचं डोकं तेवढं बाहेर, केसांना ओला पंचा गुंडाळलेला, आणि थोरली समोर स्टुलावर. हात अडकलेले, चष्मा काढलेला, त्यामुळे आईला कशाकडे बोट दाखवता येत नव्हतं की कुणाची चूक काढता येत नव्हती. मग ती बोलायची. बाबांनी पहिल्या भेटीत मुद्दाम उशिरा परत केलेल्या पुस्तकाबद्दल बोलली. थोरलीने केंद्र काढलं तेव्हा आपल्याला भीती वाटली होती, असंही एकदा म्हणाली. "लोक नावं ठेवतील, तू उघड्यावर पडशील, असं वाटायचं. मग मीच आधी नावं ठेवायला लागले. म्हटलं, दुसऱ्यांनी ठेवण्यापेक्षा आपण बरे." थोरलीने आईच्या कपाळावरचा घाम टिपला.

बाराव्या दिवशी मातीच्या लेपाखाली पडल्यापडल्या आई म्हणाली, "दोन दिवस झाले, मागून डोकं जड होतंय गं. सकाळी उठले की गरगरल्यासारखं वाटतं."

"चांगलं लक्षण आहे," थोरली म्हणाली. "साचलेलं बाहेर पडताना आधी असं होतंच. घाबरून सोडून देऊ नकोस."

हे ती सगळ्यांनाच सांगायची आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरं ठरायचं. रक्तदाब मोजायचं यंत्र त्याच खोलीत, टॉवेलांच्या फळीवर होतं. आई म्हणाली, "तू म्हणतेस तर ठीक," आणि डोळे मिटून पडली.

सतराव्या दिवशी आईने फोन केला, तोही सकाळी सातला. निळा पोशाख अंगात गेला होता! पाठीची सगळी बटणं लागली होती. "आणि हे बघ, मला तुझी वीसेक कार्डं दे. हॉलमध्ये बायका विचारणारच, काय केलंत म्हणून. मी वाटेन." थोरलीने त्याच दिवशी पंचवीस कार्डं नेऊन दिली. आईने ती मोजून घेतली आणि रबर लावून लग्नात न्यायच्या पर्समध्ये टाकली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी थोरली मातीचा डबा घेऊन आईच्या घरी गेली. लग्न चार दिवसांवर होतं. धाकटा बाहेरच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता. आई स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून हिरवा रस पीत होती. पेला तिच्या उजव्या हातात कलला. ती त्या हाताकडे बघत राहिली, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा हात होता आणि त्या माणसाला आता ती बोलणार होती. रस टेबलावरून खाली ठिबकायला लागला. आईने तोंड उघडलं, पण शब्द काही धड निघेना. ओठ एका बाजूला ओढला गेला होता.

थोरलीने डबा टाकला आणि तिला धरलं. "गाडी बोलाव! लगेच! आईला झटका आलाय!" ती ओरडली. एका क्षणाचाही घोळ तिने घातला नाही. पाऊण तासाच्या आत आई इस्पितळात होती.

"रक्तदाब भयंकर वाढलेला आहे. गोळ्या नियमित चालू होत्या ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," थोरली म्हणाली. "माझी आई एकही गोळी चुकवत नाही."

दुपारी ती आईचे कपडे आणायला घरी गेली. टेबलावरचा रस वाळून त्याची हिरवी पापडी झाली होती. फ्रिजवर गोळ्यांची डबी होती, ती तिने पिशवीत टाकायला उचलली आणि तिच्या लक्षात आलं, की डबी जड लागतेय. सातही कप्पे भरलेले होते. डबीखाली कागद होता, चार घड्या घातलेला.

तिने तो उलगडला. प्रत्येक नियमापुढे बरोबरच्या खुणा होत्या, एका मापाच्या, पुस्तकावर तारखेचा शिक्का मारावा तितक्या नेटक्या. पाचव्या नियमापुढेही एकोणीस खुणा. त्या नियमाच्या कडेला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं होतं आणि नंतर खोडरबराने पुसून टाकलेलं होतं. कागद उजेडात धरला तेव्हा त्याचा वळ स्पष्ट दिसला.

थोरली तिथेच फरशीवर बसली. आईला शंका आली होती. एका शब्दाने विचारलं असतं तर आपण डोक्यावर हात मारून घेतला असता आणि लाल रेघ मारली असती. पण नऊ वर्षं लेकीच्या कामाला नाक मुरडल्यावर आईला आता शंका घ्यायची नव्हती. विश्वास ठेवायचा म्हणजे पुरता ठेवायचा, असं तिने ठरवलं होतं. आणि नेमका तेवढाच विश्वास थोरलीला तिच्याकडून हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. "याच्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण गोळी बंद व्हायला नको होती." ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

धाकट्याला मात्र तिने सांगितलं नाही. सांगणार होती. पण तो इस्पितळाच्या जिन्यात तिच्या गळ्यात पडून रडला. "ताई, तू होतीस म्हणून. मी एकटा असतो तर मला कळलंच नसतं गं काय होतंय." मग तो हे सगळ्यांनाच सांगायला लागला. मामाला, सासऱ्यांना, शेजारच्या काकूंना. ताई होती म्हणून आई वाचली. आणि दर वेळी थोरली मूग गिळून गप्प बसायची, आणि दर वेळी ते सांगणं आणखी अवघड होऊन बसायचं. केंद्राला तिने कुलूप लावलं. उरलेले सगळे कागद फाडले, आईचा एक सोडून. लोक म्हणाले, आईसाठी किती करते बघा.

लग्न पाच आठवडे पुढे ढकललं. आणखी पुढे ढकलायला आईने डाव्या हाताने साफ नकार दिला. तोवर ती चाकांच्या खुर्चीत बसायला लागली होती. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला असायचा. बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज येत होत्या, पण आईच्या तोंडून दोनच शब्द धड यायचे: 'नको' आणि 'मी'. एकतीस वर्षं दुसऱ्यांना गप्प करणारी बाई आता एकेका अक्षरासाठी घामाघूम व्हायची. थोरलीला ते बघवत नसे, पण ती रोज समोर बसून बघायची.

लग्नाच्या दिवशी तिने आईला निळा पोशाख घातला. आधी उजवी बाही, मग डावी. पोशाख आता ढगळ होत होता. केस विंचरून झाल्यावर आईने कपाटाकडे बोट दाखवलं. पर्स हवी होती. थोरलीने ती तिच्या मांडीवर ठेवली. त्या पर्समध्ये काय आहे हे त्या गडबडीत तिच्या ध्यानातच आलं नाही.

सह्या झाल्या. आईने साक्षीदाराच्या जागी डाव्या हाताने सही केली, वेडीवाकडी, पण रेघेच्या बाहेर नाही. मग सगळे हॉलमध्ये आले. लोक एकेक करून खुर्चीपाशी येत होते, आवाज बारीक करून बोलत होते. सुनेची मावशी आली ती मात्र मोकळ्या गळ्याची बाई होती. "अगं बाई, काय कांती दिसतेय हो तुमची! आजारातून उठल्यात असं वाटतच नाही."

आईचा डावा हात पर्समध्ये गेला. तिने रबर लावलेला गठ्ठा काढला, दातांनी रबर ओढलं आणि एक कार्ड मावशींच्या हातात दिलं. मग तिने आपल्या गालावरून सावकाश बोट फिरवलं, आणि तेच बोट थोरलीकडे दाखवलं. आईच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं. एवढ्या वर्षांत थोरलीने तिला असं मिरवताना पाहिलं नव्हतं.

"हिची करामत होय!" मावशी खूश झाल्या. "मग आम्हालाही द्या की तो तुमचा एकवीस दिवसांचा कागद. मलासुद्धा रक्तदाबाने वात आणलाय नुसता."

"मावशी, ताई म्हणजे ना," शेजारी उभा असलेला धाकटा कौतुकाने म्हणाला, "ती होती म्हणून आई आज इथे—"

"थांब," थोरली म्हणाली. ती आईच्या खुर्चीचा हात धरून वाकली. "मावशी, तो कागद कुणालाच देण्याजोगा नाही. त्यावर लिहिलं होतं, कुठलीही गोळी घ्यायची नाही. आईने रक्तदाबाची गोळी बंद केली. एकोणीस दिवस. मी सगळ्यांना विचारते, तिला विचारलंच नाही. डोकं जड होतंय म्हणाली, तर मी म्हटलं चांगलं लक्षण आहे. हे माझ्या—"

आईचा डावा तळवा तिच्या तोंडावर येऊन आदळला. चांगलाच जोरात. मग तोच हात आईने स्वतःच्या छातीवर आपटला. "मी," ती म्हणाली. कपाळावर शीर तटतटली होती. "मी."

"नाही आई. कागद माझा होता."

"मी!"

"माझा होता, आई."

"मी. मी." आई हट्टाने मान हलवत राहिली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. दोघी पहिल्यांदाच उघड भांडत होत्या. थोरली खाली बसली, आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि भर हॉलमध्ये हुंदके देऊन रडली. आईचा तळवा तिच्या केसांवर होता आणि वरून अजून तोच शब्द येत होता, आता दमलेला.

धाकट्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "तुला कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"पहिल्याच दुपारपासून."

"पाहुणे खोळंबलेत," असं म्हणून तो बायकोपाशी निघून गेला. मावशींनी कार्ड अलगद टेबलावर ठेवलं आणि त्याही गेल्या. आईने ते उचलून गठ्ठ्यात परत घातलं. एका हाताने पर्सची कळ लावायला तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, पण थोरलीला तिने हात लावू दिला नाही.

फोटो महिन्याभराने आला. धाकटा स्वतः आला नाही, ऑफिसातल्या माणसाबरोबर पाकीट पाठवलं. फोटोत तो दुसऱ्या टोकाला उभा आहे आणि सरळ समोर बघतोय. आईने थोरलीचं मनगट घट्ट धरलेलं आहे. निळा पोशाख ढगळ आहे हे कळत नाही, आणि आईची कांती खरंच उजळ दिसते.